सामाईक भिंत

रॉन्डा खोऱ्यातल्या आमच्या गल्लीत
बेचाळीस घरं आहेत, एकमेकांना खेटून,
थंडीत बाकावर माणसं बसतात तशी.
माझं एकोणीस नंबर. एम्रिसचं एकवीस.
मधे नऊ इंच वीट.

शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं
तीनशे पोरांचं जेवण मोजून रांधलंय मी,
मला हिशेब कोणी शिकवू नये.
दर रविवारी जिन्याखाली वाकून
मीटरचे आकडे वहीत उतरवते:
डावीकडे गॅस, उजवीकडे वीज,
आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला तो स्थिर आकार,
दिवा लावा, न लावा,
मेलात तरी महिनाभर चालू राहणारा.

नोव्हेंबरात एम्रिसचं बिल चुकून माझ्या दारात पडलं.
आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून.
किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं मी
(पाणी एकाच कपाचं होतं, हेही लिहून ठेवा).

तीच कंपनी. तोच दर. तसंच घर.
माझा गॅस चौऱ्याण्णव पौंड,
त्याचा अकरा,
त्यातले नऊ तर स्थिर आकाराचेच.

इतका राग मला नवऱ्याचाही आला नव्हता कधी.

मग काय, बॉयलरचा काटा पंचावन्नवर आणला.
जुन्या पायमोज्यांत वर्तमानपत्रं कोंबून
दाराच्या फटीला अजगर निजवला.
पातेल्यावर झाकण, बटाट्यावर झाकण, जिभेवर झाकण.
कंपनी बदलली. फोनवरच्या मुलीनं
‘बचत’ हा शब्द सोळा वेळा उच्चारला,
बचत झाली चार पौंड.
जानेवारीत एम्रिसला परसातूनच विचारलं,
“कसं काय जमतं रे तुला?”
“अंथरूण पाहून पाय पसरतो, मेर्वेन,”
म्हणाला, आणि खोकत आत गेला.

शेवटी नगरपालिकेचा टेगिड आला,
लहानपणी माझे वाटाणे रुमालात गुंडाळून फेकणारा,
आता हातात उष्णता दिसणारा कॅमेरा.
खिडक्या ठीक. छप्पर ठीक.
मग त्यानं तो त्या भिंतीवर धरला
आणि पडदा निळा झाला.
बाहेरची भिंत असावी, असा निळा.
“पलीकडं कोणी राहतं का?” त्यानं विचारलं.

“राहतो,” मी म्हटलं.
म्हटलं, आणि मग ऐकलं मी काय म्हटलं ते.

दुपारी बिल परत द्यायला गेले, पाकीट पुन्हा चिकटवून.
एम्रिसनं पलंग खाली आणलाय, माझ्या भिंतीला लावलाय.
अंगात ओव्हरकोट, डोक्याला लोकरी टोपी.
बोलताना माझा श्वास दिसत होता.
पाकिटाकडे त्यानं पाहिलं नाही.
“तुझी भिंत चांगली आहे,” म्हणाला,
हवा चांगली आहे म्हणावं तसं,
आणि पुन्हा तिला टेकून बसला.

भिंतीला कान असतात म्हणे.
आमच्या भिंतीला पाठ आहे.

टेगिडनं अर्ज ठेवलाय टेबलावर:
भिंतीला आतून जाड फळ्या, सरकारी खर्चानं,
महिन्याला सात पौंड वाचतील.
सात पौंड म्हणजे दोन आठवड्यांचं लोणी.
मी काही संत नाही, अर्ज फाडलेला नाही,
साखरेच्या डब्याखाली आहे.
फक्त त्या भिंतीपुढचं कपाट
ओढत ओढत खिडकीकडे नेलं. कंबर धरली.
त्याला “जेवायला ये” म्हटलं, तर “आत्ताच जेवलो” म्हणाला.
खोटं. त्याच्या चुलीचा मासिक हिशेब मला पाठ आहे.

वहीत गॅस आणि वीज यांच्या मधे
पेन्सिलीनं नवा रकाना आखला.
वर काय लिहावं ते सुचलं नाही.
खाली लिहिलं: सात.

पूर्वी साडेनऊला बॉयलर बंद करायची.
हल्ली पलीकडचा खोकला थांबेपर्यंत थांबते.
मग उठते,
किटलीत पाणी घालते,
एकाच कपाचं.